महाविद्यालयाची पायरी न चढलेला संसदपटू: जस्टिन मॉरिल आणि जमिनीतून उभी राहिलेली विद्यापीठे

१८६२ च्या जुलै महिन्याच्या आरंभी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यापुढे देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांशी चाललेल्या यादवी युद्धाखेरीज दुसरे काही असेल, असे वाटण्याजोगी परिस्थिती नव्हती. व्हर्जिनियात रिचमंड शहराजवळ सात दिवस चाललेल्या लढायांनंतर उत्तरेचे सैन्य जेम्स नदीच्या काठापर्यंत मागे हटले होते आणि सरकार आणखी तीन लाख सैनिकांची मागणी करीत होते. तरीही त्याच आठवड्यात लिंकन यांच्या टेबलावर तीन वेगवेगळ्या विषयांची विधेयके सहीसाठी आली: १ जुलैला युद्धखर्चासाठी नवे कर बसवणारे, २ जुलैला शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी राज्यांना सरकारी जमीन देणारे आणि ८ जुलैला बहुपत्नीत्वाला गुन्हा ठरवणारे. तिन्ही विधेयकांमागे व्हरमाँट या छोट्या डोंगराळ राज्यातून निवडून आलेल्या एकाच प्रतिनिधीचा हात होता. त्याचे नाव जस्टिन स्मिथ मॉरिल. वक्ता म्हणून त्याची ख्याती नव्हती, तो कधी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरला नाही, युद्धात लढला नाही. म्हणूनच अमेरिकेबाहेर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. मात्र २ जुलैच्या कायद्याने जी संस्थांची साखळी उभी राहिली, तिचा परिणाम पुढे आपल्याकडील कृषी विद्यापीठांपर्यंत पोहोचला.

मॉरिल यांचा जन्म १४ एप्रिल १८१० रोजी व्हरमाँटमधील स्ट्रॅफर्ड या खेड्यात झाला. वडील नॅथॅनिएल लोहारकाम करीत. गावच्या शाळेनंतर जवळपासच्या दोन अकादमींत, म्हणजे आजच्या माध्यमिक शाळांसारख्या संस्थांत, त्यांनी थोडे शिक्षण घेतले. परंतु पुढे महाविद्यालयात जाण्याइतका पैसा घरात नव्हता आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे औपचारिक शिक्षण संपले. गावातल्या दुकानात कारकुनी, मग मेन राज्यातील पोर्टलंड या बंदराच्या शहरात काही वर्षे नोकरी, आणि १८३१ मध्ये परत स्ट्रॅफर्डला येऊन जेडेडाया हॅरिस या प्रतिष्ठित गृहस्थांबरोबर दुकानात भागीदारी, असा त्यांचा पुढचा प्रवास झाला. हा धंदा इतका चांगला चालला की १८४८ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते व्यापारातून निवृत्त झाले. त्यांनी स्ट्रॅफर्डमध्ये गॉथिक धाटणीचे फिकट गुलाबी रंगाचे घर बांधले, बाग फुलवली, १८५१ मध्ये रूथ स्वान यांच्याशी विवाह केला आणि वाचन व शेती यांत उरलेले आयुष्य घालवण्याचा बेत केला.

दुकानदारीचा हा काळ मॉरिल यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकला जातो, आणि माझ्या मते तिथेच चूक होते. खेड्यातले दुकान म्हणजे त्या काळी गावाची पेढीही असे. शेतकरी उधारीवर माल नेत, पीक आल्यावर फेडत आणि पीक बुडाले की दुकानदाराच्या वहीत ते लगेच दिसे. व्हरमाँटची जमीन मुळातच खडकाळ. तिचा कस उतरत चालला होता आणि तरुण माणसे पश्चिमेकडच्या नव्या, सुपीक प्रदेशात निघून चालली होती. संसदेत जमिनीची झीज आणि घटते उत्पादन यांवर मॉरिल पुढे आकडे देऊन बोलत, त्यामागे हा अनुभव होता. ज्या गोष्टीचा हिशेब मांडता येत नाही तिच्यावर त्यांचा फारसा विश्वास नसे.

इथे अमेरिकी संसदेची रचना थोडक्यात सांगायला हवी. तिथे संसदेला काँग्रेस म्हणतात आणि तिची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात आणि दर दोन वर्षांनी निवडणूक होते. सिनेटमध्ये मात्र राज्य मोठे असो वा लहान, प्रत्येकाला दोनच जागा असतात आणि मुदत सहा वर्षांची असते. त्या काळी सिनेटरांची निवड थेट मतदार करीत नसत, ती राज्यांची विधिमंडळे करीत. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राष्ट्राध्यक्षांकडे जाते, आणि त्यांनी नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते मिळवल्याशिवाय ते कायदा होत नाही.

मॉरिल १८५४ च्या निवडणुकीत अगदी थोड्या मतांच्या फरकाने प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ते व्हिग पक्षाचे उमेदवार होते, परंतु तो पक्ष गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटून शेवटच्या घटका मोजत होता. त्याच वर्षीच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरी शिरण्याची वाट मोकळी केली होती आणि तिला विरोध करणाऱ्यांमधून रिपब्लिकन पक्ष जन्माला येत होता. मॉरिल लवकरच त्या पक्षात गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. मार्च १८५५ पासून बारा वर्षे प्रतिनिधिगृहात आणि मार्च १८६७ पासून मृत्यूपर्यंत सिनेटमध्ये, अशी जवळजवळ ४४ वर्षे ते सलग संसदेत होते. इतका दीर्घ काळ त्यापूर्वी कोणीही सलग तिथे काढला नव्हता.

१४ डिसेंबर १८५७ रोजी त्यांनी महाविद्यालयांसाठीचे पहिले विधेयक मांडले. त्या वेळच्या अमेरिकेत महाविद्यालये बरीच होती. परंतु त्यांतील बहुतेक खाजगी, एखाद्या ख्रिस्ती पंथाशी जोडलेली आणि लॅटिन, ग्रीक, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र यांभोवती फिरणारी होती. धर्मोपदेशक, वकील आणि डॉक्टर व्हायचे असलेल्या मुलांसाठी ती उपयोगाची होती. शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या मुलाला मात्र तिथे जाण्याचे कारणही नव्हते आणि ऐपतही नव्हती. मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत १८५५ मध्ये शेतीच्या शिक्षणसंस्था स्थापन झाल्या होत्या, पण त्यांना पैशाची चणचण होती. मॉरिल यांचे म्हणणे असे की, देशातील बहुसंख्य लोक ज्या कामावर जगतात त्या कामाचे शास्त्र शिकवणारी निदान एक संस्था प्रत्येक राज्यात असावी, आणि तिचा खर्च केंद्र सरकारने उचलावा.

तिजोरीत रोकड नव्हती, जमीन मात्र अफाट होती. केंद्र सरकारच्या ताब्यात पश्चिमेकडे कोट्यवधी एकर सार्वजनिक जमीन होती आणि ती साधारणपणे एकराला सव्वा डॉलर या दराने विकली जात असे. शिक्षणासाठी जमीन राखून ठेवण्याची पद्धतही नवी नव्हती. १७८५ च्या भूमी-अध्यादेशापासून मोजणी केलेल्या प्रत्येक चौरस वसाहतीच्या ३६ भागांपैकी सोळावा भाग शाळेसाठी राखला जाई. मॉरिल यांनी हीच कल्पना उच्च शिक्षणासाठी वापरली आणि ती सर्व राज्यांना, म्हणजे ज्यांच्या हद्दीत सरकारी जमिनीचा तुकडाही उरलेला नाही अशा पूर्वेकडच्या जुन्या राज्यांनाही, लागू केली. ही कल्पना मूळची कोणाची, यावर पुढे बराच वाद झाला. इलिनॉयचे प्राध्यापक जोनाथन बाल्डविन टर्नर १८५० च्या दशकाच्या आरंभापासून कष्टकरी वर्गासाठी विद्यापीठांची योजना मांडत होते, आणि १८५३ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने तशी मागणी काँग्रेसकडे केली होती. म्हणून त्यांचे समर्थक त्यांनाच या कायद्याचे जनक मानतात. मॉरिल यांनी ही उसनवारी मान्य केली नाही. कल्पना त्या काळच्या हवेत होती, हे उघड आहे. ती दोन्ही सभागृहांतून पार नेणे हे वेगळे काम होते आणि ते मॉरिल यांनी केले, यावर दुमत नाही.

ते काम सोपे नव्हते. प्रतिनिधिगृहाच्या सार्वजनिक जमीन समितीने विधेयकाविरुद्ध अहवाल दिला. तरीही एप्रिल १८५८ मध्ये ते १०५ विरुद्ध १०० मतांनी तिथे मंजूर झाले आणि फेब्रुवारी १८५९ मध्ये सिनेटमध्ये २५ विरुद्ध २२ मतांनी. विरोध दोन बाजूंनी होता. शिक्षण हा राज्यांचा विषय असून केंद्राने त्यात शिरणे राज्यघटनेला धरून नाही, असे दक्षिणेचे प्रतिनिधी म्हणत; केंद्राचा हात आज शिक्षणात शिरला तर उद्या गुलामगिरीपर्यंत पोहोचेल, ही भीती त्यामागे होती. पश्चिमेकडच्या राज्यांची तक्रार निराळी होती: आमच्या भूमीवर पूर्वेकडच्या राज्यांना हक्क मिळणार, सट्टेबाज ती घेऊन पडीक ठेवणार आणि खरा वसाहतदार उपाशी राहणार. राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन यांनी त्याच महिन्यात नकाराधिकार वापरला. तिजोरीत तूट असताना उत्पन्नाचे साधन देऊन टाकणे परवडणार नाही, राज्ये केंद्रावर अवलंबून राहू लागतील, नव्या राज्यांचे नुकसान होईल, आधीच्या महाविद्यालयांना स्पर्धा निर्माण होईल आणि हे घटनेच्या चौकटीत बसत नाही, अशी कारणे त्यांनी दिली. यांतले नव्या राज्यांच्या नुकसानीचे कारण, पुढे काय घडले ते पाहता, अगदीच फोल नव्हते.

यानंतर मॉरिल काही काळ दुसऱ्याच कामात गुंतले. १८५७ च्या मंदीनंतर सरकारी उत्पन्न घटले होते आणि आयात शुल्काची फेररचना करणारे विधेयक तयार करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. हा विषय रुक्ष वाटतो, पण त्यातला मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. तोपर्यंत बहुतेक मालावर किमतीच्या टक्केवारीने शुल्क आकारले जाई. त्यामुळे आयातदार बीजकावर किंमत कमी दाखवत आणि मंदीत किमती पडल्या की सरकारचे उत्पन्नही पडे. मॉरिल यांनी अनेक वस्तूंवर टक्केवारीऐवजी वजनाप्रमाणे किंवा मापाप्रमाणे ठरावीक शुल्क बसवले. त्याबरोबर लोखंडासारख्या देशी उद्योगांना संरक्षणही मिळाले, आणि पेनसिल्व्हेनियाचे कारखानदार खूश झाले. हे विधेयक मे १८६० मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकले होते. दक्षिणेची राज्ये फुटून त्यांचे सिनेटर उठून गेल्यावर फेब्रुवारी १८६१ मध्ये ते सुटले, आणि २ मार्चला, पद सोडण्यापूर्वी दोन दिवस, स्वतः पेनसिल्व्हेनियाचे असलेल्या ब्यूकॅनन यांनी त्यावर सही केली. ब्रिटनमध्ये या ‘मॉरिल शुल्का’वर बरीच टीका झाली. यादवी युद्ध या शुल्कामुळेच पेटले, असा दावा काही लोक आजही करतात. परंतु सात राज्ये फुटण्याचा निर्णय घेऊन मोकळी झाली तेव्हा हे विधेयक सिनेटमध्ये पडूनच होते आणि त्यांचे सिनेटर जागेवर राहिले असते तर ते तिथून पुढे सरकणे कठीण होते. घटनाक्रम पाहिला की तो दावा टिकत नाही.

दक्षिणेचे सदस्य गेल्यामुळे संसदेतले बळाचे पारडे एकदम पालटले, आणि १८६२ च्या मे-जुलै या तीन महिन्यांत दीर्घकाळ अडलेले चार कायदे मार्गी लागले: १५ मे रोजी कृषी विभागाची स्थापना, २० मे रोजी वसाहतदारांना १६० एकर जमीन देणारा होमस्टेड कायदा, १ जुलैला पॅसिफिक रेल्वेचा कायदा आणि २ जुलैला मॉरिल यांचा. त्यांचे विधेयक या वेळीही प्रतिनिधिगृहाच्या समितीने फेटाळण्याचीच शिफारस केली होती. तेव्हा ओहायोचे सिनेटर बेंजामिन वेड यांनी ते सिनेटमध्ये मांडले आणि ते तिथून उलट्या वाटेने खाली आले. सिनेटमध्ये ३२ विरुद्ध ७, प्रतिनिधिगृहात ९० विरुद्ध २५. कॅन्ससचे सिनेटर जेम्स लेन यांनी कडवा विरोध केला आणि एका राज्यात दहा लाख एकरांपेक्षा जास्त जमिनीवर बाहेरच्यांना हक्क बसवता येणार नाही, अशी मर्यादा पदरात पाडून घेतली.

आता हा कायदा प्रत्यक्षात कसा चालला ते पाहू, कारण त्याचे बरेवाईट सगळे त्याच्या यंत्रणेत दडलेले आहे. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रत्येक सिनेटरमागे आणि प्रत्येक प्रतिनिधीमागे ३०,००० एकर जमीन मिळाली. न्यूयॉर्कचे ३१ प्रतिनिधी आणि दोन सिनेटर धरून ९ लाख ९० हजार एकर झाले, तर एकच प्रतिनिधी असलेल्या कॅन्ससला ९०,००० एकर मिळाले. ज्या राज्याच्या हद्दीत पुरेशी सरकारी जमीन होती त्याने ती तिथेच निवडायची. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना जमिनीऐवजी कागद मिळाला. त्याला स्क्रिप म्हणत, आणि ती जमिनीवरची हुंडीच होती, असे म्हणता येईल: कागद ज्याच्या हाती येईल त्याने पश्चिमेकडे जाऊन विक्रीस खुल्या असलेल्या सरकारी जमिनीपैकी १६० एकर निवडायचे. एका राज्याने दुसऱ्या राज्यात जमीनदार होऊन बसू नये, म्हणून राज्यांना हा कागद स्वतः वापरण्यास बंदी होती. तो त्यांनी विकलाच पाहिजे, असे बंधन होते.

विक्रीतून आलेल्या रकमेवरच्या अटी वाचल्या की एखाद्या काटेकोर व्यापाऱ्याचा हात लगेच ओळखू येतो. पैसे किमान पाच टक्के व्याज देणाऱ्या सुरक्षित रोख्यांत गुंतवायचे. मुद्दलाला कधीही हात लावायचा नाही. ते कोणत्याही कारणाने घटले तर राज्याने आपल्या खिशातून भरून द्यायचे. फार तर दहा टक्के रक्कम जागा किंवा प्रायोगिक शेते घेण्यासाठी वापरायची, पण इमारतींवर एक पैसाही नाही. त्या राज्याने किंवा देणगीदारांनी बांधायच्या. पाच वर्षांत महाविद्यालय उभे राहिले पाहिजे. बंडात सामील असलेल्या राज्याला यातले काही मिळणार नाही. शिक्षणाबद्दलची अटही तितकीच विचारपूर्वक घातलेली होती: मुख्य विषय शेती आणि यंत्रविद्या हे असतील, लष्करी कवायतीचे शिक्षण द्यावे लागेल, मात्र इतर शास्त्रे आणि अभिजात भाषा यांना मज्जाव नसेल. मॉरिल यांना शेतकऱ्याच्या मुलाला फक्त नांगर धरायला शिकवायचे नव्हते, नांगर तो घरीच शिकत होता. त्याला रसायनशास्त्र आणि भूमितीबरोबर इतिहास व साहित्यही मिळावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि पुढे ही महाविद्यालये पूर्ण विद्यापीठे होऊ शकली ती या एका कलमाच्या आधारावर.

यंत्रणेतला दोष मात्र लवकरच दिसला. सगळ्या राज्यांनी एकदम कागद बाजारात आणले, त्यात होमस्टेड कायद्याने वसाहतदारांना जवळजवळ फुकट जमीन मिळत होती. साहजिकच भाव कोसळले. ऱ्होड आयलंडची १,२०,००० एकरांची स्क्रिप अवघ्या ५०,००० डॉलरांना, म्हणजे एकराला सुमारे ४२ सेंटने गेली. सव्वा डॉलरचा माल बेचाळीस सेंटला. याला ठळक अपवाद न्यूयॉर्कचा. तारयंत्राच्या धंद्यात श्रीमंत झालेले एझ्रा कॉर्नेल यांनी राज्याकडून स्क्रिप घेतली, तिच्या बदल्यात मुख्यतः विस्कॉन्सिन राज्यातील पाईनच्या जंगलांची सुमारे पाच लाख एकर जमीन निवडली आणि भाव चढेपर्यंत ती धरून ठेवण्याची व्यवस्था केली. कॉर्नेल १८७४ मध्ये वारले, जमिनीवरचे कर भरताना संस्थेच्या नाकी नऊ आले. परंतु अखेरीस त्या व्यवहारातून पन्नास लाख डॉलरपेक्षा जास्त निव्वळ रक्कम इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठाला मिळाली. या यशाची दुसरी बाजू अशी की विस्कॉन्सिनची जंगले विकून न्यूयॉर्कचे विद्यापीठ श्रीमंत झाले, आणि पश्चिमेकडच्यांची जुनी तक्रार इथे शब्दशः खरी ठरली.

त्याहून मोठा प्रश्न संसदेतल्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही: ही जमीन सरकारकडे आली कुठून? नकाशावर ती सार्वजनिक म्हणून दाखवली जात असली, तरी तिच्यावर आदिवासी राष्ट्रे राहत आली होती आणि बहुतेक ठिकाणी ती त्यांच्याकडून तहाने, दबावाने किंवा सरळ बळाने घेतली गेली होती, अनेकदा कायद्याच्या काही वर्षेच आधी. विस्कॉन्सिनची पाईनची जंगले ओजिब्वे आणि मेनॉमिनी लोकांची होती. कॅलिफोर्नियात १८५१-५२ मध्ये तिथल्या जमातींशी १८ तह करण्यात आले आणि सिनेटने त्यांतला एकही मान्य केला नाही. म्हणजे जमीन गेली आणि बदल्यात कबूल केलेले राखीव प्रदेशही मिळाले नाहीत. देशभरातल्या अनेक राज्यांची स्क्रिप याच कॅलिफोर्नियात वटवली गेली. अमेरिकेतील पत्रकार आणि इतिहासकारांनी जुन्या नोंदी तपासून २०२० मध्ये जो हिशेब मांडला, त्यानुसार १८६२ च्या कायद्याखाली वाटली गेलेली जमीन सुमारे १ कोटी ७ लाख एकर होती, ती जवळजवळ २५० जमातींकडून आली होती आणि तिच्यापोटी सरकारने त्यांना चार लाख डॉलरपेक्षाही कमी रक्कम दिली होती. गुलामगिरीच्या विरोधात ठाम उभे राहिलेल्या मॉरिल यांनाही हा प्रश्न पडलेला दिसत नाही. त्यांच्या वहीत जमिनीची किंमत होती, जमिनीचा आधीचा मालक नव्हता. आदिवासी जमातींनी स्वतः चालवलेल्या महाविद्यालयांना या व्यवस्थेत स्थान मिळायला १९९४ साल उजाडावे लागले, आणि त्यांना जमीन मिळाली नाही, निधी मिळाला.

राज्यांनी कायद्याचा उपयोग आपापल्या परीने केला. आयोवाने सप्टेंबर १८६२ मध्ये सर्वांत आधी तो स्वीकारला. कॅन्ससने १८६३ मध्ये नवे महाविद्यालय उघडले. मॅसॅच्युसेट्सने आपला वाटा शेती महाविद्यालय आणि नव्याने निघालेली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांत विभागला. आरंभीची वीसेक वर्षे निराशेची होती. शेतीशास्त्र म्हणून नेमके काय शिकवावे, हेच कोणाला माहीत नव्हते; पाठ्यपुस्तके नव्हती, प्रशिक्षित अध्यापक नव्हते, विद्यार्थी थोडे होते आणि ज्यांच्यासाठी हे सगळे चालले होते ते शेतकरीच ‘पुस्तकी शेती’ची थट्टा करीत होते. चित्र बदलले ते १८८७ च्या हॅच कायद्याने, ज्यामुळे या महाविद्यालयांना जोडून संशोधन केंद्रे निघाली आणि शिकवण्याजोगे ज्ञान प्रथम निर्माण होऊ लागले. १९१४ च्या स्मिथ-लेव्हर कायद्याने ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणारी विस्तार सेवा जोडली गेली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करायची, हे सूत्र असे पन्नास वर्षांत टप्प्याटप्प्याने घडले. मॉरिल यांनी त्यातला पहिला टप्पा रचला.

हेच सूत्र स्वातंत्र्यानंतर भारतात आले. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले, आणि महाराष्ट्रात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या, राहुरीला मुख्यालय असलेल्या कृषी विद्यापीठाला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे साहाय्य लाभले. ही दोन्ही अमेरिकी विद्यापीठे मॉरिल यांच्या कायद्याचे लाभार्थी होती. मराठी माणसाचा या संस्थांशी संबंध मात्र त्याच्याही कितीतरी आधीचा आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी ओरेगनच्या शेती महाविद्यालयात आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमनच्या महाविद्यालयात कृषिशास्त्र शिकले. गदर चळवळीची कामे सांभाळत घेतलेले हे शिक्षण पुढे त्यांना मेक्सिकोत मक्याच्या संशोधनासाठी उपयोगी पडले.

मॉरिल यांना आपल्या कायद्यातली आर्थिक उणीव उमगली होती. स्क्रिपचे व्याज महाविद्यालय चालवण्यास पुरत नव्हते. म्हणून १८७० च्या दशकापासून ते दरवर्षी ठरावीक रोख अनुदान देणारे विधेयक पुन्हा पुन्हा मांडत राहिले. ते कधी एका सभागृहात अडे, कधी दुसऱ्यात. अखेर ऑगस्ट १८९० मध्ये ते मंजूर झाले: प्रत्येक राज्याला पहिल्या वर्षी १५,००० डॉलर, मग दरवर्षी हजाराची वाढ होत २५,००० पर्यंत. यात एक कळीचे कलम होते. प्रवेशात वंश किंवा वर्ण यांवरून भेद करणाऱ्या महाविद्यालयाला पैसे मिळणार नाहीत, असे आधी म्हटले होते. पण लगेच पुढे, राज्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे महाविद्यालय ठेवून निधीची न्याय्य वाटणी केली तरी चालेल, अशी सवलतही दिली होती. दक्षिणेच्या राज्यांनी अर्थातच ही दुसरी वाट धरली. मिसिसिपीतील अल्कॉर्न आणि व्हर्जिनियातील हॅम्प्टन अशा मोजक्या संस्थांना पहिल्या कायद्याचा पैसा मिळाला होता. आता अनेक संस्था कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिल्या किंवा सावरल्या. न्याय्य वाटणी म्हणजे समान वाटणी, असे मात्र कायदा म्हणत नव्हता, आणि राज्यांनी त्या फटीचा पुरेपूर उपयोग केला. २०२३ मध्ये केंद्रातील शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून कळवले की, गेल्या तीन दशकांत या संस्थांना मिळून १२ अब्ज डॉलरपेक्षा अधिक निधी कमी दिला गेला आहे. मॉरिल यांनी ही तडजोड केली नसती तर विधेयक त्या वेळी मंजूर झाले नसते, हे बहुधा खरे आहे. तिची किंमत कोणी मोजली, हेही तितकेच स्पष्ट आहे.

त्यांच्या उरलेल्या कारकिर्दीत सातत्य आहे, पण ती सगळीच आजच्या वाचकाला पटेल अशी नाही. युद्धकाळात सोन्याचे पाठबळ नसलेल्या कागदी नोटा काढण्यास त्यांनी १८६२ मध्ये विरोध केला आणि ते हरले. आयकराच्या चढत्या दरांना, म्हणजे जास्त उत्पन्नावर जास्त टक्के कर घेण्याला, त्यांचा १८६४ मध्ये विरोध होता. बहुपत्नीत्वाविरुद्धचा त्यांचा कायदा उटाह प्रदेशातील, त्या काळी बहुपत्नीत्वाला मान्यता देणाऱ्या मॉर्मन पंथीयांना उद्देशून होता आणि त्याने प्रदेशातील धर्मसंस्थेच्या स्थावर मालमत्तेवर ५०,००० डॉलरची मर्यादाही घातली. लिंकन यांनी तो अंमलात आणण्याची घाई केली नाही, मात्र १८७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि धर्मस्वातंत्र्याच्या मर्यादेवरचा तो निकाल आजही उद्धृत होतो. युद्धानंतर दक्षिणेच्या राज्यांना कोणत्या अटींवर परत घ्यायचे, हे ठरवणाऱ्या संयुक्त समितीतही ते होते. सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्षपद त्यांनी वेगवेगळ्या काळांत मिळून बरीच वर्षे सांभाळले, आणि तिथे जकातीचे संरक्षण व सोन्यावर आधारलेले चलन यांवरून ते हलले नाहीत.

वॉशिंग्टन शहरावर त्यांनी ठेवलेली छाप मात्र डोळ्यांना दिसते. प्रतिनिधिगृहाच्या जुन्या दालनात प्रत्येक राज्याने आपल्या दोन थोर व्यक्तींचे पुतळे पाठवावेत, ही कल्पना त्यांचीच. १८६४ च्या कायद्याने ते दालन राष्ट्रीय पुतळ्यांचे झाले. काँग्रेसच्या ग्रंथालयाला स्वतंत्र इमारत मिळावी म्हणून ते अनेक वर्षे झगडले, आणि ती भव्य इमारत १८९७ मध्ये खुली झाली.

१८९८ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते अजूनही वित्त समितीचे अध्यक्ष होते. स्पेनशी युद्ध चालू होते, देशात विस्ताराची लाट होती आणि हवाई बेटे जोडून घेण्याचा ठराव सिनेटपुढे होता. आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांना तो हवा असतानाही मॉरिल त्याच्या विरोधात बोलले. जुलैमध्ये ठराव मंजूर झाला. २८ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले, त्यांना स्ट्रॅफर्डला नेऊन पुरण्यात आले, आणि त्यांच्या जागी व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश जोनाथन रॉस यांची नेमणूक झाली.